उजवी खुर्ची

१

किंक्रांतीच्या सकाळी माझ्या मुलाने, प्रभुलिंगने, एक कागद सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. तो खोटा आहे हे मला तिसऱ्या ओळीलाच कळले. खोटा कसा, हे कळायला मात्र दिवस मावळायची वेळ आली. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी एका वाक्याच्या मागे अख्खा दिवस धावावे लागावे, आणि तेही स्वतःच्या घरात, याचा संताप हे लिहिताना अजून पुरता शमलेला नाही.

कागदावर ऋतुजाचे निवेदन होते. ऋतुजा ही आमच्या कंपनीच्या लहान जेट विमानावरची दुसरी वैमानिक. भोगीच्या दिवशी ते विमान बंगळूरहून येऊन सोलापुरात उतरले, ते धावपट्टी संपली तरी थांबले नाही आणि पलीकडच्या बाभळींत जाऊन रुतले. कॅप्टन उदयसिंहांच्या तीन बरगड्या मोडल्या. बाकीच्यांचे मुक्या मारावर निभावले. निवेदनात लिहिले होते : ‘उतरताना वेग प्रमाणाबाहेर होता. ते कॅप्टनना सांगणे माझे काम होते. मी सांगितले नाही. मी गप्प राहिले.’

“उद्या दहा वाजता चौकशी अधिकारी येणार आहेत, अव्वा,” प्रभुलिंग म्हणाला. “अध्यक्षा म्हणून खाली तुमची सही लागेल.”

“सही केल्यावर या मुलीचे काय होईल?”

“परवाना जाईल. काही वर्षांपुरता... बघू की.”

“म्हणजे जन्माचे नुकसान. हे तिने स्वतः लिहिले?”

“तिच्याच हातचं आहे की, अव्वा.”

हातचे होते, तोंडचे नव्हते. दोन वर्षांपूर्वी ही मुलगी नोकरीला लागली त्याच आठवड्यात मला बेळगावी एका लग्नाला जायचे होते. मी इरकल नेसून विमानाच्या पायरीपर्यंत पोहोचले. धुके होते, तरी कॅप्टन निघायला तयार होते. तेव्हा ही पोर खाली उतरून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आईसाहेब, आत्ता नाही. तासभर थांबायचं.” मी तो तासभर तिला बोलत होते. धुके विरले तेव्हा तिने वाकून नमस्कार केला आणि मला मुहूर्ताआधी पोहोचवले.

जी मला ‘नाही’ म्हणाली, ती कॅप्टनपुढे गप्प राहिली?

मी लेखणीला टोपण लावले.

“सही संध्याकाळी,” मी म्हणाले. प्रभुलिंगचा चेहरा उतरला. एका सहीला उशीर झाल्याने पन्नाशीच्या उद्योगपतीचा चेहरा का उतरावा?

२

विमान घेतले तेव्हा विक्रेत्याने आमच्या दिवाणखान्यात बसून मला समजावले होते की हे यंत्र एकट्या वैमानिकाने उडवण्यास मान्यता आहे. सगळे संगणक पाहतो. उजवीकडची खुर्ची पाहुण्याला द्या. मी त्याला चिंचोळीच्या आमच्या कारखान्यात नेले आणि टॉवेलांच्या रंगखात्यातला बॉयलर दाखवला. म्हटले, “यालाही आता संगणक आहे. तरी याच्यापाशी एकटा माणूस आम्ही ठेवत नाही. हा तर जमिनीवर आहे.” त्या दिवसापासून आमच्या घराचा नियम ठरला : विमानात दोन वैमानिक, नेहमी.

त्याला जोडून दुसरा नियम कॅप्टननी सांगितला, तो मला फार आवडला. दोन्ही वैमानिकांनी एकच अन्न खायचे नाही. एकाला अन्नबाधा झाली तर दुसरा शाबूत हवा. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातून दोन डबे जातात, लाल झाकणाचा कॅप्टनना आणि निळ्या झाकणाचा दुसऱ्या वैमानिकाला, पदार्थ वेगळे.

भोगीच्या दिवशी विमान गेले होते ते माझा धाकटा भाऊ सिद्धाराम, त्याची पत्नी शिवबाई आणि मुलगी चंद्रिका यांना आणायला. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा भावाने अकरा वर्षांत पाहिला नव्हता. त्यांना आणायला प्रभुलिंग स्वतः गेला. मागे चार आसने, माणसे चार. सकाळी नऊ वाजता त्याचा बंगळूरहून फोन आला होता, “अव्वा, एक अडचण आहे...” मी म्हटले, “अडचणी मला सांगू नकोस. रस्ते गर्दीने बंद होण्याआधी, बाराच्या आत, सगळे घरी हवेत. तूसुद्धा.” आणि फोन ठेवला. शेवटी अक्षता कोणी पाहिल्या? माझ्या मुठीतले तांदूळ मुठीतच राहिले.

मी भावाला बोलावले.

“सिद्धू, उतरताना नेमके काय झाले?”

“ती पोरगी गप्प राहिली, अक्का.”

“तू मागे बसून तिचे गप्प राहणे ऐकलेस?”

“म्हणजे... मला डोळा लागला होता.”

“विमान बाभळीत शिरेपर्यंत?”

“वय झालं की, अक्का.”

शिवबाईला विचारले. तीही म्हणाली, “ती गप्प राहिली, वन्सं.” शब्द तेच. मग मात्र तिला खरे दुःख आठवले. “माझी पर्स, यांचा चष्मा, नवी चप्पल, सगळं आतच! आगीच्या बंबवाल्यानं हाताला काही लावू दिलं नाही. ‘हात मोकळे ठेवा आणि पळा,’ म्हणाला. सहाच्या सहा जणांना अनवाणी पळवलं. अन् लगेच विमानाला सील!”

दोन वैमानिक आणि चार प्रवासी. सहा. उड्डाणाच्या कागदावरही सहाच. हिशेब चोख होता, आणि त्याचाच मला राग येत होता.

बाहेर सोप्यात चंद्रिकेचा नवरा मल्लिनाथ मोबाईल पाहत बसला होता. त्याला रजा मिळाली नव्हती. तो रेल्वेने मागाहून आला, असे मला सांगण्यात आले होते. संक्रांतीला जावयाचा मान म्हणून मी त्याच्या खांद्यांवर शाल घातली तेव्हा तो विंचू चावल्यासारखा कळवळला होता.

“खांदे बरे आहेत का आता?” मी विचारले.

“हो, आत्या. गाडीत वरच्या बर्थवर अवघडलो होतो.”

“दोन्ही कुशींवर एकदम?”

तो हसला. जरा जास्तच हसला.

३

रुग्णालयात कॅप्टन उदयसिंह उशीला टेकून बसले होते. नर्स मलम लावत होती. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी निघून छातीवर एकत्र येणारे दोन काळेनिळे पट्टे मला दिसले.

“हे काय?”

“पट्ट्यांचे वळ आहेत, आईसाहेब. पुढच्या दोन खुर्च्यांना दोन्ही खांद्यांवरून पट्टे असतात. म्हणून वाचलो. मागं एकच तिरका असतो.”

“ऋतुजा गप्प राहिली म्हणे.”

“हो. ती गप्प राहिली.”

पुन्हा तेच तीन शब्द. चौदा वर्षे ज्या माणसाच्या हाती मी माझे कुटुंब सोपवले, तो भिंतीकडे पाहून पढवलेला धडा म्हणत होता.

“कॅप्टन, मला एवढेच सांगा. एकट्याने हे विमान उडवणे सुरक्षित आहे की नाही? माझा मुलगा म्हणतो, ‘आहे.’ तुमचे मत?”

या प्रश्नावर मात्र त्यांचा चेहरा जिवंत झाला. “चांगल्या दिवशी आहे, आईसाहेब. आकाश साफ, मन शांत, घाई नाही. मग एकटा माणूस मजेत नेतो. वाईट दिवशी दोन हात कमी पडत नाहीत, दुसरं तोंड कमी पडतं. वेग जास्त झाला, उतरणं नीट बसत नाही, तर पुन्हा वर जायचं, चक्कर मारून यायचं. दहा मिनिटांचं काम. पण उतरायचंच असं एकदा डोक्यात बसलं की वैमानिकाला ते सुचत नाही. शेजारच्यानं फक्त म्हणायचं असतं, ‘कॅप्टन, फिरून येऊ.’”

“आणि तुमच्या डोक्यात काय बसले होते?”

“बाराच्या आत...” ते थांबले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, “अकरा पन्नास झाले होते. धावपट्टी अर्धी संपली होती. मी उजवीकडं बघितलं, तर...”

“तर?”

दार उघडून प्रभुलिंग आत आला. “अव्वा, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे.”

कॅप्टननी डोळे मिटले. मला या वयात मुलाकडून बोलायची परवानगी घ्यावी लागणार होती तर!

४

घरी आले तेव्हा आमची स्वयंपाकीण मल्लव्वा भांड्यांच्या फळीशी भांडत होती. मल्लव्वा अक्कलकोटकडची, तीस वर्षे आमच्याकडे आहे आणि माझ्याखेरीज कोणाला भीत नाही. मला भिते याचीही मला अलीकडे शंका येते.

“यव्वा! लाल डबा कधी देनार ते सरकारवाले? जोडी फुटली की माझी!”

“विमान उघडतील तेव्हा मिळेल. आतल्या टाचणीलाही हात लावू देत नाहीत.”

“भोगीच्या दिवशी सगळं गाव एकच खातंय, बाजरीची भाकरी अन् भोगीची भाजी. अन् आपल्याकडं येगळं! कॅप्टनला भाजी-भाकरी, त्या पोरीला दहीभात. सणाला दहीभात दिला म्हनून मलाच वाईट वाटलं. बिचारीनं सगळा खाल्ला पन. काल तिची आई आली न्हवं का, डबा द्यायला. रिकामा न्हाई दिला हां, अव्वा. तिळाच्या वड्या भरून. लई गुनाचं मानूस.”

मी देवघराकडे निघाले होते. उंबऱ्यावर थांबले.

“कोणता डबा?”

“हा की. निळा.”

तिने तो माझ्या हातात दिला. स्वच्छ, धड, कडेला पोचा नाही. झाकण उघडले तर तिळाचा वास आला. आपल्याकडे कोणाचे भांडे रिकामे परत करत नाहीत. ही रीत एखाद्या दिवशी साक्ष देईल, हे आमच्या घरातल्या हुशार पुरुषांच्या स्वप्नातही आले नसावे.

मी गाडी काढायला सांगितली.

५

ऋतुजा जुळे सोलापुरात आईवडिलांबरोबर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. वडील कोंडीबा आमच्याच कारखान्यातून निवृत्त झाले. दार तिच्या आईने, मथुराबाईने उघडले आणि मला पाहून पदर सावरत ती मागे सरली.

“आईसाब! तुमी? हितं?”

“डबा परत आणला आहे,” मी म्हणाले. “रिकामा नाही.” मल्लव्वाने दिलेल्या शेंगापोळ्या मी तिच्या हाती ठेवल्या. “ऋतुजा कुठे आहे?”

ती आतल्या दारात उभी होती. तीन दिवसांत पोर वाळून गेली होती. अंगावर मात्र एक ओरखडा नव्हता. सैल गळ्याच्या कुडत्यातून दोन्ही खांद्यांची कातडी दिसत होती, स्वच्छ.

“बस. हा डबा तू विमानातून कसा आणलास?”

“हातात... हातात होता, आईसाहेब.”

“वैमानिक उतरताना डबा हातात धरतो?”

ती गप्प राहिली. खरोखर गप्प राहिली तर ती कशी दिसते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटी मथुराबाईलाच राहवेना. “सांग की गं! किती दिवस जाळशील जिवाला? आईसाब, ही संक्रांतीला सकाळी आली. बसनं. बंगळूरहून. इमान पडलंय ह्ये बी तिला बसमधी फोनवर कळलं!”

“आई!” ऋतुजा ओरडली.

“व्हय, वरड! परवाना मिळवायला बापानं किती खस्ता खाल्ल्या, आन् तू दुसऱ्याच्या पापावर सही करती!”

“पाप नाही ते,” ऋतुजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. “मी कॅप्टनना म्हणाले होते, एकट्यानं जाऊ नका. साहेबांनाही म्हणाले. माझं चुकलं ते एवढंच, की मी विमानाच्या पुढं आडवी पडले नाही. उड्डाणाचा कागद आधीच भरला होता, माझी सही होती त्यावर. आता खरं सांगितलं तर कॅप्टनचा परवाना कायमचा जाईल, साहेबांवर खटला होईल. कॅप्टननीच मला शिकवलंय. आणि...”

“आणि काय?”

“ते तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय.”

“कोणी ठरवले?”

“सगळ्यांनी.”

माझ्या घरात ‘सगळ्यांनी’ काही ठरवल्याचे मी एक्याऐंशी वर्षांत प्रथमच ऐकत होते.

६

संध्याकाळी पाच वाजता मी सर्वांना दिवाणखान्यात बसवले. प्रभुलिंग, सिद्धाराम, शिवबाई, चंद्रिका, मल्लिनाथ. ऋतुजाला माझ्याशेजारी बसवले. निळा डबा मधल्या मेजावर ठेवला.

“विमानातून सहा माणसे हात मोकळे ठेवून पळाली,” मी म्हणाले. “शिवबाईची पर्स राहिली, सिद्धूचा चष्मा राहिला, कॅप्टनचा लाल डबा राहिला. विमानाला त्याच दुपारी सील लागले. मग निळा डबा तिळाच्या वड्या घेऊन माझ्या घरी कसा आला? कारण तो बंगळूरहून परत निघालेल्या विमानात नव्हताच. तो ज्या हातात होता तो हातही नव्हता. म्हणजे माणसे पाच व्हायला हवीत. पण बंबवाल्यांनी सहा मोजली. सहावे कोण?”

मी शाल हातात घेतली.

“मल्लिनाथ, उठा. ही शाल घ्या. आज मी पुन्हा तुमचा मान करते.”

तो उठला नाही.

“पुढच्या आसनाचे दोन पट्टे दोन्ही खांद्यांवर वळ उठवतात. कॅप्टनच्या अंगावर ते आहेत. ऋतुजाच्या अंगावर नाहीत. तुमच्या अंगावर मी पाहिलेले नाहीत, पण शालीचे वजन तुम्हाला सोसले नाही, ते मी पाहिले. उजव्या खुर्चीत तुम्ही होता.”

चंद्रिका रडू लागली. मल्लिनाथ शरमेने म्हणाला, “आत्या, मला काही कळत नव्हतं हो. कॅप्टननी एकदम माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, फोटोसाठी बघतायत. मी हसलो.”

मी हसलो! ज्या क्षणी ‘फिरून येऊ’ एवढेच म्हणणारे माणूस हवे होते, त्या क्षणी त्या खुर्चीत बसून आमचे जावईबापू हसले. यात त्यांचा तरी काय दोष?

माझा सगळा संताप प्रभुलिंगवर एकवटला. “घराचा नियम मोडायची तुझी हिंमत कशी झाली? एका पाहुण्यासाठी वैमानिक उतरवलास? वर तिच्याकडून खोटे लिहून घेतलेस? यापुढे विमानाच्या कागदांना तुझा हात लागणार नाही. कोणासाठी केलेस हे?”

प्रभुलिंगने मान वर केली. माझ्या डोळ्यांत इतका वेळ पाहण्याचे धाडस त्याने लहानपणापासून केले नव्हते.

“तुमच्यासाठी, अव्वा.”

“माझ्यासाठी?”

“मी नऊला फोन केला होता. मल्लिनाथना अचानक रजा मिळाली होती. मागं चार जागा अन् आम्ही पाच. मी म्हणालो, एक अडचण आहे. तुम्ही म्हणालात, अडचणी सांगू नकोस. सगळे हवेत. तूसुद्धा. बाराच्या आत.” त्याने बोटे मोजली नाहीत, पण मला ती दिसली. “जावयाला मागं ठेवलं असतं तर सगळे आले नसते. मी राहिलो असतो तर तुमचा शब्द मोडला असता. दुसऱ्या फेरीला वेळ नव्हता. मग एकच माणूस उरलं, ज्याच्याबद्दल तुम्ही त्या दिवशी काही बोलला नव्हता.”

“पुन्हा फोन का केला नाहीस?”

या प्रश्नावर सिद्धारामने खाली पाहिले. शिवबाईने पदराशी चाळा केला. पन्नाशीचा उद्योगपती, एकोणऐंशी वर्षांचा भाऊ, शिकलेला जावई. उत्तर शेवटी ऋतुजानेच दिले.

“तुम्हाला पुन्हा फोन करायला सगळे घाबरतात, आईसाहेब.”

“आणि हे मला सांगायचे नाही असे ठरले होते?”

“हो. तुमच्या जिवाला लागेल म्हणून.”

मला सांभाळायला निघाले होते! एका मुलीचा जन्म खर्ची घालून!

मला फार राग आला. कोणावर काढावा हे मात्र कळेना, आणि तशी पाळी माझ्यावर पूर्वी कधी आलेली नव्हती.

७

दुसऱ्या दिवशी दहाला दहा मिनिटे असताना मी माझे निवेदन लिहून पूर्ण केले. कॅप्टनशी सकाळीच बोलले होते. तेही खरे सांगणार होते. ऋतुजाचा कागद मी तिच्या हाती परत दिला आणि माझा वाचायला दिला. पाठकोऱ्या कागदावर नव्हे, कंपनीच्या शिक्क्याच्या कागदावर, एकही खाडाखोड नसलेल्या अक्षरात मी लिहिले होते की विमानात एकच वैमानिक होता. दुसऱ्या वैमानिकेने विरोध केला होता, तिला मागे ठेवण्यात आले. ते सर्व माझ्या आज्ञेमुळे घडले आणि संपूर्ण दोष माझा एकटीचा आहे.

“अव्वा, तुमचं नाव कशाला?” प्रभुलिंग कळवळून म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिले आणि तो थांबला. मग मीच म्हणाले, “बोल, पुढे बोल.” पण त्याला सवय नव्हती.

ऋतुजाने कागद दोनदा वाचला. गाडीचा आवाज फाटकापाशी आला. अधिकारी आले होते.

“सही करते,” मी म्हणाले.

“थांबा, आईसाहेब. शेवटचं वाक्य बरोबर नाही.”

“काय?”

“दोष तुमचा एकटीचा नाही. कॅप्टन ‘नाही’ म्हणू शकले असते. साहेब म्हणू शकले असते. मीही खोट्यावर सही केली. तुम्ही सगळं स्वतःवर घेताय, म्हणजे हाही हुकूमच झाला. असं लिहिलं तर पुढच्या वेळीही कोणी ‘नाही’ म्हणायला शिकणार नाही.”

माझ्या अक्षरातल्या त्या निर्दोष पानाकडे मी पाहिले. बाहेर बूट वाजले. मल्लव्वा पाहुण्यांना बसवण्यासाठी खुर्च्या सरकवत होती. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते.

“ते दारात आले आहेत,” मी म्हणाले. “आता वेळ नाही.”

“वेळ असतो, आईसाहेब,” ती पोर म्हणाली. “फिरून या.”

मी लेखणीच्या टोकाने तिला दार दाखवले. “जा. त्यांना सांग, दहा मिनिटे बसा. आणि चहा ठेवायला सांग.” ती गेली. मग मी ते पान फाडले, प्रभुलिंगकडून कोरा कागद मागून घेतला, आणि त्याला म्हटले, “बस इथे, उजवीकडे. मी लिहिते. चुकले की बोल.”

पहिल्या दोन ओळी तो गप्पच होता. तिसऱ्या ओळीला त्याने घसा खाकरला.